कुंपणें, भिंती आणि त्यांचीं वळणें

जमिनीचा तुकडा कागदावर काढावयाचा झाला म्हणजे आपण तो बहुधा चौकोनी काढतों. प्रत्यक्षांत चौकोनी जमीन फार थोड्यांच्या वांट्याला येते. एका अंगानें ओढा वळत गेलेला असतो, दुसऱ्या अंगानें गाडीवाट तिरपी येते, तिसरीकडे उतार असतो आणि चौथीकडे शेजाऱ्याची मेर एखाद्या जुन्या आंब्याला वळसा घालून पुढें जाते. गवंड्याच्या हातांतील गुण्याला एकच कोन ठाऊक असतो, आणि तो म्हणजे काटकोन. जमिनीला मात्र सगळेच कोन ठाऊक असतात. या दोहोंची सांगड घालून कुंपण कसें घालावें, आणि उतारावरची माती धरून ठेवणारी भिंत कशी वळवावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वरवर पाहतां हा विषय किरकोळ वाटेल. कुंपण काय आणि भिंत काय, कोणीहि सुतार किंवा गवंडी घालून देईल, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु कुंपण सैल होऊं लागतें तें बहुधा कोपऱ्यापासून, आणि भिंतीला पहिली चीर पुष्कळदां वळणावर दिसते. कुंपण पडलें तर गुरें शेतांत शिरतील. माती धरणारी भिंत पडली तर खालच्या माणसांचे प्राण जातात. २०१९ सालच्या पावसाळ्यांत चार दिवसांच्या आंत महाराष्ट्रांत असे दोन अपघात घडले. २९ जूनला मध्यरात्रीनंतर पुण्यांतील कोंढवा येथें एका वसाहतीची आवारभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा माणसें दगावलीं. २ जुलैला, तशाच अपरात्रीं, मुंबईंत मालाडच्या पिंपरीपाडा भागांत उतारावरील भिंत पावसाच्या लोंढ्यासह वस्तीवर आली आणि पंचवीसांहून अधिक माणसें गेलीं. त्या भिंतींची चौकशी करणें हा आपला आजचा हेतु नव्हे. भिंतीच्या मागें, जेथें आपली दृष्टि पोहोंचत नाहीं तेथें, काय चाललेलें असतें हें चार लोकांना ठाऊक असावें, एवढ्यासाठींच ती आठवण केली.

प्रथम एक साधा प्रयोग करून पाहा. एक पोस्टकार्ड घ्या आणि तें टेबलावर कडेवर उभें करा. तें तत्काळ पडेल. आतां त्याच कार्डाला मधोमध घडी घाला, घडी थोडी उघडी ठेवा, आणि पुन्हा उभें करा. या वेळीं तें उभें राहील, हलक्या फुंकरीनेंहि पडणार नाहीं. कागद तोच, जाडी तीच; भर पडली ती एका कोनाची. सरळ वस्तूला फक्त तिच्या जाडीचा पाया मिळतो. वळलेल्या वस्तूला तिच्या वळणाच्या पसाऱ्याइतका रुंद पाया मिळतो. तेव्हां वळण म्हणजे दुबळी जागा असें समजण्याचें कारण नाहीं. वळणाला जोर कोठून मिळतो आणि तो कोठें जातो हें ओळखलें, तर तेंच वळण बांधकामाचा आधार होतें.

या तत्त्वावर सबंध कुंपण उभें करण्याची कला पाहावयाची तर थोडा वेळ अमेरिकेकडे जावें लागेल. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत व्हर्जिनिया व आसपासच्या प्रांतांतील शेतकरी नागमोडी कुंपण घालीत. चेस्टनट किंवा ओक यांसारख्या झाडांचे ओंडके पाचरी मारून उभे चिरावयाचे, त्यांचे दहा-अकरा फूट लांबीचे वांसे करावयाचे, आणि ते जमिनीवर असे रचावयाचे कीं, एका तुकड्याच्या वांशांचीं टोंकें पुढच्या तुकड्याच्या वांशांच्या टोंकांवर आळीपाळीनें यावींत. दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवलीं म्हणजे जसें दिसतें, तसा तो सांधा. खिळा नाहीं, खांब नाहीं, खड्डा नाहीं. प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्याशीं कोन करून जातो, एकदां उजवीकडे, एकदां डावीकडे. आणि त्या कोनांच्याच बळावर सारें कुंपण उभें असतें. तेंच वांसे एका सरळ रेषेंत रचले तर पहिल्या धक्क्यासरशीं आडवे होतील.

या कुंपणाची खरी गंमत त्याच्या सांध्यांत आहे. वांशांचीं टोंकें एकमेकांवर नुसतीं टेकलेलीं असल्यामुळें, रचतांना पुढचा तुकडा हवा तितका फिरवतां येतो. वाटेंत मोठें झाड आलें, ओहोळ आला, खडक आला, तर कोन थोडा वाढवावा किंवा कमी करावा. बाकीच्या कुंपणाला त्याची खबरहि लागत नाहीं. शेत वाढलें तर कुंपण उचलून दुसरीकडे मांडतां येतें. दोष एवढाच कीं, त्याला लांकूड फार लागतें, आणि त्याच्या नागमोडींत जमिनीची एक पट्टी कायमची अडकून पडते. १८७४ सालीं जोसेफ ग्लिडन यास कांटेरी तारेचें पेटंट मिळालें, तार स्वस्त झाली, आणि नागमोडी कुंपणें हळूहळू मागें पडलीं.

विटांच्या भिंतीलाहि हीच युक्ति लागू पडते. थॉमस जेफरसन यानें व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बागांभोंवतीं विटेच्या रुंदीइतक्याच जाडीच्या नागमोडी भिंती घातल्या. इंग्लंडांतील सफक परगण्यांतहि अशा भिंती आढळतात. तितक्याच उंचीची सरळ भिंत इतकी पातळ ठेवली असती तर तिला जागोजागीं खांबांचे टेकू द्यावे लागले असते. आपल्याकडे १६६४ ते १६६७ या काळांत बांधलेला सिंधुदुर्गाचा तट जाडजूड आहे, त्याला पातळपणाची अडचण नव्हती. तरी तोहि फार वेळ सरळ जात नाहीं. कुरट्या बेटाच्या कांठच्या खडकाला धरून तो वळत वळत जातो. जमीन जशी वळते तसें बांधकाम वळवावें, ही जाण आपल्याकडील जुन्या कारागिरांना पुरेपूर होती.

आतां आपल्या नेहमीच्या तारेच्या कुंपणाकडे येऊं. येथें वळणाचा हिशेब उलटा होतो, कारण तार ताणलेली असते. सरळ रांगेंतील मधल्या खांबावर दोन्ही बाजूंची ओढ सारखी व विरुद्ध असते, म्हणून ती परस्पर खोडली जाते. त्या खांबाला तार नुसती उचलून धरावी लागते. कुंपण वळलें कीं हा समतोल जातो. दोन्ही ओढी मिळून खांबाला वळणाच्या आंतल्या बाजूस खेंचूं लागतात. समजा, तारेंत १०० किलोंची ओढ आहे. कुंपण सरळ रेषेपासून १० अंशांनीं वळलें, तर खांबावर सुमारें १७ किलोंची ओढ येते. वळण ३० अंशांचें झालें तर ती ५२ किलो होते. ६० अंशांवर बरोबर १०० किलो, म्हणजे तारेच्या सबंध ओढीइतकी. आणि काटकोनांत १४१ किलो. हा एका तारेचा हिशेब झाला. चार तारा असल्या तर हे आंकडे चौपट करावयाचे.

यांतून व्यवहाराचा एक सरळ नियम निघतो. मोठें वळण एका खांबाच्या माथीं मारूं नये. ६० अंशांचें वळण घ्यावयाचें आहे आणि जागा आहे, तर तें सहा खांबांवर दहा दहा अंशांनीं वांटावें. मग प्रत्येक खांबाला थोडेंच सोसावें लागतें. जागा नसल्यामुळें एकाच खांबावर काटकोन घ्यावा लागला, तर तो खांब इतरांहून जाड असावा, अधिक खोल गाडावा, आणि त्याला टेकू द्यावा. टेकू द्यावयाचा तो आंतल्या अंगास, म्हणजे ज्या बाजूला खांब झुकूं पाहतो त्या बाजूस. आणि टेकूचा पाय नुसत्या मातीवर न ठेवतां एखाद्या सपाट दगडावर टेकवावा. त्याऐवजीं ओढतार बांधावयाची असेल तर ती बाहेरच्या अंगास बांधावी. वळणावर कुंपणाची तार खांबाच्या बाहेरच्या बाजूनें न्यावी. तशी नेली म्हणजे ती खांबाला दाबून बसते. आंतून नेली तर सारी ओढ तार धरणाऱ्या खिळ्यांवर पडते, आणि ते एकामागून एक उपटून येतात. निवडुंग, घायपात किंवा शेर यांच्या जिवंत वईला हा कांहींच उपद्व्याप नसतो. तिच्यांत ओढच नाहीं. ती वाटेल तशी वळवावी.

कुंपणाला केवळ डावें-उजवें वळावें लागत नाहीं. उतारावर त्याला वर-खालींहि वळावें लागतें. याच्या दोन रीती आहेत. एक रीति पायऱ्यांची: प्रत्येक तुकडा सपाट ठेवावयाचा आणि पुढचा तुकडा थोडा खालीं उतरवावयाचा. हें दिसावयास नेटकें, पण प्रत्येक पायरीच्या खालीं तिकोनी फट राहते, आणि तेथून शेळी, कुत्रा, डुक्कर खुशाल आंत येतात. दुसरी रीति अशी कीं, उभे खांब ओळंब्यांतच ठेवावे आणि आडव्या पट्ट्या उताराला समांतर न्याव्या. यासाठीं चौकट तयार करतांना तिच्या चारहि कोपऱ्यांवर एकेकच बोल्ट घालावा. सैल झालेली बाज कशी तिरपी होते हें आपण पाहिलेंच आहे. चारी कोपरे फिरते असलेली चौकट तशीच तिरपी होते आणि कोणत्याहि उताराला जुळवून घेते. पण बाजेचा तो दोष कुंपणांत शिल्लक ठेवून चालणार नाहीं. चौकट उताराला जुळली कीं, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी पट्टी मारून टाकावी. चौकोनाच्या बाजू न मोडतां त्याचे कोन बदलतां येतात; तिकोनाचे बदलतां येत नाहींत. तिरप्या पट्टीनें चौकोनाचे दोन तिकोन झाले कीं चौकट जागच्या जागीं घट्ट होते.

नळांच्या कुंपणांत हेंच काम फिरत्या पकडींकडून करवून घेतां येतें. इमारतीच्या परांचीचे नळ जोडण्यासाठीं ज्या लोखंडी पकडी वापरतात त्या मुख्यतः दोन जातींच्या असतात. एक नळांना काटकोनांतच धरते. दुसरी मधल्या खिळीभोंवतीं फिरते आणि मागाल तो कोन देते. मात्र फिरत्या पकडीच्या सांध्याला दुसरीकडून तिरपा टेकू दिल्यावांचून काम पुरें झालें असें समजूं नये. दार फिरतें हा दाराच्या बिजागरीचा गुण. कुंपण उभारल्यावरहि त्याचा सांधा फिरत राहिला तर तो दोष. सांधा जुळवीपर्यंत मोकळा असावा, जुळल्यावर बांधलेला असावा. कुंपणाची सगळी विद्या एवढ्यांत येते.

माती धरणाऱ्या भिंतीची विद्या मात्र येथें संपत नाहीं. कुंपणाला वारा आणि गुरें यांचा अधूनमधून धक्का बसतो. या भिंतीला मातीचा रेटा रात्रंदिवस सोसावा लागतो. कोरडी वाळू ओतली तर तिचा ढीग सुमारें ३० ते ३५ अंशांच्या उतारावर स्थिर होतो. त्याहून उभी राहण्याचें तिच्या अंगीं सामर्थ्य नसतें. आपण उभ्या भिंतीच्या मागें माती भरतों, तेव्हां या स्वाभाविक उताराच्या वरचा भाग घसरूं पाहतो आणि भिंतीवर रेलतो. विजेच्या आकर्षणाच्या नियमामुळें ज्याचें नांव शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें, तो फ्रेंच इंजिनियर कूलोंब याच प्रश्नाच्या मागें लागला होता. मार्तिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामावर त्यानें कांहीं वर्षें काढलीं होतीं. १७७३ सालीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें वाचलेल्या आणि १७७६ सालीं छापलेल्या निबंधांत त्यानें भिंतीमागची माती एका पाचरीसारखी सरकूं पाहते असें धरून तिचा रेटा काढून दाखविला. १८५७ सालीं स्कॉटलंडच्या रँकिन यानें त्याच विषयाची दुसऱ्या अंगानें मांडणी केली. आजहि इंजिनियरांचे हिशेब या दोघांच्या पायावर उभे आहेत.

त्या हिशेबाचें सार असें आहे. साधारण कोरडी, वाळूसारखी सुटी माती भिंतीच्या माथ्यापर्यंत सपाट भरलेली आहे असें धरा. भिंत एक मीटर उंच असेल तर तिच्या दर मीटर लांबीवर सुमारें ३०० किलोंचा रेटा येतो. दोन मीटर उंच असेल तर ६०० नव्हे, १,२०० किलो. तीन मीटरांना २,७०० किलो. उंची दुप्पट झाली कीं रेटा चौपट होतो. आणि तो रेटा अधिक उंचीवरून लागत असल्यामुळें भिंत उलथवून टाकण्याची त्याची शक्ति आठपट होते. कमरेइतकी भिंत जो गवंडी नजरेनें चांगली बांधतो, त्यानेंच डोक्याइतकी भिंत त्याच नजरेनें बांधावी हें म्हणूनच धोक्याचें आहे. त्याचें कसब कमी पडतें असें नाहीं. रेटा त्याच्या अंदाजाच्या किती तरी पुढें गेलेला असतो.

आतां ही भिंत वळवूं. वळणें दोन प्रकारचीं असतात, आणि दोहोंची प्रकृति अगदीं भिन्न आहे. डोंगराच्या घळींत भिंत घातली तर ती डोंगराच्या बाजूला फुगते, तिचें पोट मातीकडे असतें. अशा भिंतीवर माती रेलली कीं भिंतीचे तुकडे एकमेकांवर दाबले जातात. ही आडवी पडलेली कमानच होय. भार जितका अधिक तितके तिचे सांधे घट्ट. याच्या उलट, डोंगराच्या पुढें आलेल्या नाकाडाभोंवतीं भिंत घातली तर तिचें पोट दरीकडे येतें आणि माती तिच्या पोटांत असते. ही स्थिति लांकडी पिंपासारखी आहे. पिंपांतील पाणी फळ्यांना बाहेर ढकलतें, आणि लोखंडी कडें नसेल तर फळ्या एकमेकींपासून सुटतात. दरीकडे वळलेल्या भिंतीचे दोन्ही भाग असेच एकमेकांपासून दूर जाऊं पाहतात. कोपऱ्यावरचा सांधा उघडतो, आणि तेथें वरून खालीं चीर पडते. म्हणून अशा ठिकाणीं धारदार कोपरा टाळावा, वळण गोलसर व लांबवर घ्यावें, आणि भिंतीचे सर्वांत मोठे, लांब दगड तेथें वापरावे.

मग भिंतीला कोणते दगड अथवा ठोकळे घेतले म्हणजे असे कोन सहज घेतां येतात? याचें सर्वांत जुनें उत्तर कोंकणच्या गडग्यांत आणि देशावरच्या पौळींत आहे. चुना नाहीं, सिमेंट नाहीं, दगडावर दगड. मोठे दगड तळाशीं, खालच्या थरांतील सांध्यावर वरच्या थरांतील दगडाचें पोट, मधून मधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, पोकळींत घट्ट बसविलेल्या चिपा, आणि सबंध भिंतीला मागच्या मातीकडे थोडा ढाळ. वळणावर एका थरांत डावीकडच्या भिंतीचा लांब दगड कोपऱ्यावरून पुढें न्यावयाचा, त्याच्या वरच्या थरांत उजवीकडच्या भिंतीचा. अमेरिकेच्या नागमोडी कुंपणांत वांसे जसे आळीपाळीनें एकमेकांवर टेकतात, तीच ही रीति. लांकडाच्या जागीं दगड आला इतकेंच. असा सांधा काटकोनाच्या मोहांत पडत नाहीं. दगड थोडा इकडे फिरवला, थोडा तिकडे फिरवला, कीं हवा तो कोन होतो. पाया किंचित् बसला तर अशी भिंत फुटत नाहीं, थोडी सरकून पुन्हा जम धरते. आणि पावसाचें पाणी तिच्या सबंध अंगांतून निथळून जातें. दगडांच्या या कोरड्या रचनेची कला युरोपांतील आठ देशांच्या वतीनें २०१८ सालीं युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादींत दाखल झाली. ती कला आपल्या गांवीं अजून कोणा म्हाताऱ्या गड्याच्या हातांत असेल, तर तिची किंमत आपणहि ओळखावी.

घाटांतील रस्त्यांच्या कडेला तारेच्या जाळीच्या पेट्या दगडांनीं भरून रचलेल्या आपण पाहिल्या असतील. तो गडग्याचाच नवा अवतार आहे. दोन पेट्या कडेला तारेनें शिवलेल्या असतात, त्यामुळें त्या पुस्तकाच्या पानांसारख्या कोणत्याहि कोनांत उघडतां येतात. मध्यें जी पाचरीसारखी फट राहते ती दगडांनीं भरून काढावयाची व वरून जाळीनें बांधून टाकावयाची.

तिसरा प्रकार साच्यांत घातलेल्या काँक्रिटच्या ठोकळ्यांचा. हे ठोकळे पुढें रुंद आणि मागें अरुंद असतात. समजा, ठोकळ्याचें तोंड ३० सेंटिमीटर रुंद आहे, पाठ २४ सेंटिमीटर, आणि खोली ३० सेंटिमीटर. असे ठोकळे पाठीला पाठ भिडवून ठेवीत गेलें, तर प्रत्येक ठोकळ्यागणिक भिंत साडेअकरा अंशांच्या आसपास वळते, आणि तिच्या तोंडाच्या वळणाची त्रिज्या दीड मीटर येते. याहून मोठें वळण हवें असेल तर पाठीमागें थोडी थोडी फट ठेवावी. सबंध तीस सेंटिमीटरांची जागा दिली कीं भिंत सरळ होते. पण येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. हे ठोकळे ज्या दिशेनें सहज वळतात ती दिशा दरीकडची आहे, आणि दरीकडचें वळण हेंच माती उघडूं पाहते. हाताला जें वळण सोपें, तेंच भिंतीला अवघड. म्हणून अशा भिंतींत थरांना थर खिळवितात, आणि भिंत उंच असेल तर थराथरांतून मागच्या मातींत जाळीचे पट्टे दूरवर नेऊन दाबतात, म्हणजे माती स्वतःच्याच भारानें भिंतीला धरून ठेवते.

सळयांच्या काँक्रिटची भिंत मात्र या सगळ्यांहून वेगळी आहे. ती ताठ असते, तिला सरकण्याची मुभा नसते. उन्हाथंडीनें ती फुगते व आटते, म्हणून तिचे तुकडे पाडून मध्यें उभे सांधे ठेवावे लागतात. परंतु तिचा कोपरा सांध्यावर सोडूं नये. कोपऱ्यावर सळया एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस वळवून नेऊन तो एकजीव ओतावा, आणि सांधा कोपऱ्यापासून दूर, सरळ भागांत घ्यावा.

आतांपर्यंत आपण मातीबद्दल बोललों. परंतु भिंतीचा खरा शत्रु पाणी आहे. वर सांगितलेली दोन मीटरांची भिंत पुन्हा डोळ्यांपुढें आणा. कोरड्या मातीचा तिच्यावरचा रेटा १,२०० किलो होता. भर पावसांत पाण्याला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाहीं आणि तें भिंतीमागें माथ्यापर्यंत तुंबलें, तर एकट्या पाण्याचा रेटा २,००० किलोंचा होतो. पाण्यांत बुडालेल्या मातीचा रेटा कांहींसा घटतो, पण तोहि धरला म्हणजे एकूण भार २,६०० किलोंच्या पुढें, म्हणजे पहिल्याच्या दुपटीहून अधिक होतो. जी भिंत आठ महिने निश्चळ उभी होती ती एका रात्रींत पडते, याचें पुष्कळदां हेंच कारण असतें. शिवाय पाणी पायाखालची माती मऊ करतें तें निराळेंच. घळींतल्या वळणाचे सांधे मातीच्या रेट्यानें घट्ट होतात असें मघां सांगितलें; पण डोंगराचें पाणीहि त्याच घळींत गोळा होतें. निसर्गानें एका हातानें दिलेलें असें दुसऱ्या हातानें मागितलेलें असतें.

उपाय साधे आहेत. भिंतीच्या मागें माती थेट न लावतां हातभर रुंदीचा खडीचा थर द्यावा, आणि खडींत माती शिरूं नये म्हणून मध्यें गाळणीचें कापड किंवा बारीक वाळूचा पडदा ठेवावा. चुन्या-सिमेंटच्या भिंतीला तळाजवळ, आणि भिंत उंच असेल तर वरच्या भागांतहि, दीड-दोन मीटरांच्या अंतरानें पाण्याला वाट देणारीं भोकें ठेवावींत व त्यांना बाहेर उतार द्यावा. वळणावर तीं अधिक दाट असावींत. माथ्यावरून वाहणारें पाणी चराच्या वाटेनें बाजूला काढून न्यावें. हा सारा खर्च भिंतीच्या खर्चाच्या मानानें थोडा असतो. परंतु तो दिसत नाहीं, म्हणून काटकसर प्रथम तेथेंच होते.

ज्यांना भिंत बांधावयाची नाहीं, पण भिंतीच्या खालीं राहावें लागतें, अशांसाठीं शेवटीं चार खुणा सांगतों. पावसाळ्याच्या तोंडाशीं भिंतीच्या एका टोंकाला उभें राहून तिच्या अंगाबरोबर नजर टाकावी. मध्यें पोट आलें असेल तर तें असें चटकन दिसतें. कोपऱ्यावरची चीर खालपेक्षां वर रुंद असेल, तर दोन बाजू फांकत आहेत असें समजावें. चिरेच्या दोन्ही कडांवर खूण करून ती वाढते कीं काय हें पाहावें. जोराच्या पावसांतहि भिंतीचीं भोकें कोरडीं राहिलीं तर त्यांत आनंद मानूं नये. पुष्कळदां त्याचा अर्थ भोकें बुजलीं असून पाणी मागें तुंबत आहे असा असतो. आणि निवळ पाझरणारें पाणी एकाएकीं गढूळ झालें, किंवा भिंतीमागच्या जमिनीला लांब भेग पडली, तर सामानसुमानाचा विचार न करतां माणसांनीं तेथून दूर व्हावें आणि मग स्थानिक अधिकाऱ्यांना कळवावें. दोन मीटरांवरची, किंवा खालीं घरें असलेली कोणतीहि भिंत जाणत्या इंजिनियराच्या हिशेबावांचून बांधूं नये, हें वेगळें सांगावयास नकोच.

सारांश, जमीन वांकडी आहे म्हणून हळहळण्याचें कारण नाहीं. लांब कामाचे आंखूड तुकडे करावे, आणि कोन किती असावा हें जमिनीला विचारून ठरवावें. कुंपणाचा सांधा जुळेपर्यंत मोकळा आणि जुळल्यावर पक्का असावा. भिंतीचा सांधा मातीला बंद आणि पाण्याला उघडा असावा. येत्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या घराच्या आसपास एखादी भिंत असेल, तर तिच्या वळणापाशीं घटकाभर थांबून तीं भोकें मोकळीं आहेत कीं नाहींत एवढें जरी आपण पाहिलें, तरी या भाषणाचा हेतु सफल झाला असें मी समजेन.